सिंधूच्या लग्नाची कॅसेट

पडद्यावर अजून काहीच उमटलं नव्हतं, तरी खाजाला घाम फुटला होता. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ आणि मागे लोह्याच्या मंगल कार्यालयात भरलेलं अख्खं गणगोत. दगडोबा आणि सिंधूच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या लेकीनं, पुनमनं, हा घाट घातला होता. जेवणाआधी लग्नाची जुनी कॅसेट मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. ती काढणारा म्हणून खाजाला मानानं पहिल्या रांगेत बसवलं होतं. आणि त्या कॅसेटमध्ये लग्नच नव्हतं, हे खाजाला पक्कं ठाऊक होतं.

त्या काळी तो हैदराबादच्या जुन्या बाजारातून वापरलेल्या कॅसेटी किलोच्या भावानं आणायचा आणि त्यांच्यावरच लोकांची लग्नं काढायचा. अशा कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला असला तर त्या भोकावर चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर कॅमेरा तिच्यावर काहीच घेत नाही, आधीचं जे असेल तेच राहतं. सिंधूच्या लग्नाच्या दिवशी ती पट्टी नांदेडला त्याच्या दुकानात राहिली. हे ध्यानात आलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कबूल करायचं तर लग्न पुन्हा लावावं लागलं असतं.

फुकट्या पाहुण्यांना कोरा फ्लॅश मारून गप्प करायचं, हा फोटोवाल्यांचा जुना रिवाज. खाजानं त्या दिवशी अख्खं लग्नच कोरं काढलं. कॅमेरा खांद्यावर घेऊन मांडवभर मिरवला. नवरीची सासू शेजारी उभी राहून तिची मान खाली दाबत होती, तेही त्यानं जवळ जाऊन ‘घेतलं’. पाठवणीला तर कहर केला. “वैनी, नीट आलं न्हाई, अजून एकदा रडा,” म्हणत त्यानं सिंधूला जास्तीचं रडायला लावलं. ती बिचारी रडलीसुद्धा.

मग त्याच कॅसेटवर दोघांच्या नावाची चिठ्ठी डकवून त्यानं ती देऊन टाकली. वर सल्ला दिला, “जास्त लावू नका, झिजते.” दगडोबाच्या घरात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. तरी खाजाच्या जिवाला घोर होताच. वर्षा-दोन वर्षांनी तो लोह्याला चक्कर मारायचा. “बुरशी साफ करून देतो,” म्हणायचा. एकदा हाती आली की हरवली म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सिंधू दर वेळी चहा पाजायची आणि म्हणायची, “राहू द्या भाऊ, पेटीत बरी हाय.”

आता धंदा त्याच्या पोराकडे, हमजाकडे होता. ‘खाजा व्हिडिओ, एकही क्षण सुटणार नाही,’ अशी पाटी हमजानं मोठ्या हौसेनं रंगवून घेतली होती. कोपऱ्यात कॅमेरा लावून हमजाच उभा होता. हॉलमधल्या निम्म्या घरांत लग्नाची पोरं होती. आज बापाचं नाव गेलं की पोराच्या पोटावर पाय येणार होता. खाजाला शाल टोचायला लागली.

पुनमनं बटण दाबलं.

पडद्यावर एक गोरा पोरगा आला. डोक्यावर कोंबड्याचा तुरा, गालात सेफ्टी पिन. तो माईकवर थुंकला आणि मग असा ओरडला की मागच्या रांगेतलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. मागोमाग बारीक टाय लावलेला एक जण करंट लागल्यासारखा नाचू लागला. मग काळे ओठ रंगवलेली एक बाई आली. तिनं आधी बूट भिरकावले आणि नंतर गिटार आपटून आपटून तिची काटकं केली. खालची गर्दी एकमेकांना धडका देत होती.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी चष्मे पुसून पुन्हा लावले.

“ह्ये नवरीकडचे का नवरदेवाकडचे?” पुनमच्या चांगुणाआत्यानं विचारलं.

“आपल्याकडचे न्हाईत,” दगडोबा घाईनं म्हणाला. “आपल्याकडचे समदे फेट्यात व्हते.”

खाजा उठला. नारळ गडगडत पडद्याखाली गेला. त्यानं हात जोडले. “वैनी, खुदा कसम, माझी चूक झाली. ही कॅसेट...”

“बसा भाऊ,” सिंधू म्हणाली. “मला ठावं हाय. पहिल्याच पंचमीला मुदखेडला भावाच्या घरी लावून बघितली म्या. मंग दर पंचमीला बघितली.”

खाजा उभाच राहिला. “मग मी मागत होतो तवा दिली का न्हाई?”

“दिली असती तर तुम्ही पुसली असती.”

“काका, पुसली असती तर लई वाईट झालं असतं,” पुनम म्हणाली. “ही विलायती गाण्यांची जुनी फिल्म हाय, हरवली म्हणून जगभर लोक शोधायलेत. पुण्यात ज्यानं पेन ड्राइव्हवर घेऊन दिली, तो आधी कॅसेटच्या पाया पडला.”

दगडोबाला जगाशी काही देणंघेणं नव्हतं. तो रडवेला झाला होता. “अगं, पण आपलं लग्न कुठंय ह्याच्यात?”

सिंधूनं पडद्याकडे बोट केलं. काळ्या ओठांची बाई आता मोडक्या गिटारीवर उभी राहून जीव तोडून किंचाळत होती.

“हेच की,” सिंधू म्हणाली. “तुमच्या मायनं माझी मान दाबून धरली व्हती. वरून काय दिसत व्हतं ते समद्या गावानं बघितलं. आत काय चाललं व्हतं, ते एकट्या खाजाभाऊनं घेतलं.”