कडेचा तुकडा

बोडिलनं ओव्हनमधून ट्रे काढला, मांस निवायला लाकडी फळीवर ठेवलं आणि ट्रेतल्या रसावर तरंगणारी चरबी चमच्यानं काढायला घेतली. थेंबन् थेंब काढली. मग त्याच रसात कांद्याच्या आणि सफरचंदाच्या फोडी, वाटीभर सूप, चमचाभर वाटलेली मोहरी. दोन उकळ्या आल्या की झाला सॉस. त्यात साय नाही, लोणी नाही.

डुकराच्या मांसावरची चामडी तिनं सकाळीच सोलून टाकली होती. कुरकुरीत चामडीशिवायचा रोस्ट डेनिश माणसापुढे ठेवायचा, म्हणजे लग्नाला बोलावून नुसतं पाणी पाजायचं. पण तिच्या नवऱ्याच्या, आयविनच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून चौदा महिने या घरात असाच रोस्ट होत होता. त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून बोडिलही तेच खायची. तरीही त्याच्या रक्तातली चरबी काही उतरत नव्हती. तपासणी झाली की डॉक्टर आठ्या घालायचे आणि बोडिल घरी येऊन आणखी काहीतरी बंद करायची. आधी साय गेली, मग लोणी, आता मीठही निम्म्यावर आलं होतं. कुठंतरी आपलाच हात चुकतोय, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

"काय फक्कड वास सुटलाय!" लिस्बेट दारातूनच म्हणाली. बोडिलची ही शाळेपासूनची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी ती यांच्याकडे दुपारचं जेवायला असायची. बोडिलनंच तसा नियम घातला होता.

"वासावर जाऊ नकोस," आयविन म्हणाला. "आमच्याकडे वासच खायचा असतो. बाकी सगळं बंद."

"ऐकलंस? म्हणजे मी उपाशी मारते याला!" बोडिल हसली. "पण एक सांगते हं, लिस्बेट. गुरुवारचं पोहणं यानं एकदाही चुकवलं नाही. ऑपरेशन झालेल्यांचा गट आहे ना, तिथं. बर्फ पडू दे, वारा सुटू दे, पिशवी उचलली की निघाला. चौतीस वर्षांत याला कधी वेळेवर उठलेलं पाहिलं नव्हतं मी."

"शाबास," लिस्बेट म्हणाली आणि आपल्या पुढ्यातला नॅपकिन सरळ करू लागली.

बोडिलनं मांसाचे पातळ काप केले आणि ताटलीत मांडले. शेजारी उकडलेले बटाटे आणि लाल कोबी. मधले काप फिकट, मऊ होते. दोन्ही कडांचे तुकडे तेवढे खरपूस भाजले होते. ते बोडिलचे. लग्न झाल्यापासून आयविन कडेचा तुकडा न चुकता तिच्या ताटात सरकवत आला होता. "मला नको बाबा, दातात अडकतं," म्हणायचा. बोडिलला त्याचं फार कौतुक होतं. माहेरी चार भावांत तो तुकडा तिच्या वाट्याला कधीच आला नव्हता.

ताटली आधी पाहुणीकडे गेली. फ्योर्डच्या खाडीतली फेरीबोट वाऱ्यामुळे कशी अर्धा तास उशिरा सुटली, ते लिस्बेट सांगत होती. बोलता बोलता तिनं कडेचा एक तुकडा काट्यानं उचलला आणि शेजारी बसलेल्या आयविनच्या ताटात ठेवला. मग दुसऱ्या कडेचा उचलला. तोही त्याच्याच ताटात ठेवला. स्वतःला मधला एक काप घेतला आणि ताटली बोडिलकडे दिली.

आयविननं सवयीनं काटा खुपसला. एक घास तोंडात गेलासुद्धा.

"अगं, त्याला नाही आवडत कडेचा," बोडिल म्हणाली.

"त्याला?" लिस्बेट खळखळून हसली. "काहीतरीच! गुरुवारी तर माझ्या ताटातली चामडीसुद्धा यानं..."

ती थांबली. आयविनचा घास तोंडातच राहिला.

"गुरुवारी?" बोडिलनं विचारलं.

"बोडिल, ऐक," आयविन म्हणाला. "एकदाच, म्हणजे मागच्या आठवड्यात..."

"तू गप्प बस."

तिला आधी निम्म्यावर आणलेलं मीठ आठवलं आणि इतका संताप आला, की हातातली ताटली टेबलावर आपटावीशी वाटली. ती चौदा महिने बेचव गिळत होती आणि ही दोघं चामडी चावत होती. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, तिनं या बाईपुढे त्याच्या पोहण्याचं कौतुक केलं होतं, आणि ही बाई शाबास म्हणाली होती.

आणि मग तिला टॉवेल आठवला. दर गुरुवारी संध्याकाळी आयविन दाराशी पिशवी टाकायचा. ती त्यातला टॉवेल काढून दोरीवर वाळत घालायची. तो चिंब ओला असायचा. एकाही गुरुवारी कोरडा आला नव्हता.

तिनं ताटली हळूच खाली ठेवली.

"टॉवेल कोण भिजवायचं?"

बोडिलनं त्याच्याकडे पाहिलं, मग लिस्बेटकडे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी," लिस्बेट मान खाली घालून म्हणाली. "तो विसरायचा."