चादरीखालची चढाई

“रणगाडे दिसले का?” रिसालदार चनबसप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“न्हाय, साहेब,” पंच ज्ञानबा चादरीखाली डोकावून म्हणाला.

माजी सैनिकांच्या खोलीत वाळूचा पट मांडला होता. काड्यापेट्या म्हणजे रणगाडे, भुईमुगाच्या शेंगा म्हणजे पायदळ. आजचा डाव धुळीच्या वादळातला, म्हणून सगळ्यावर चादर पांघरलेली. खेळणाऱ्यानं चिठ्ठीवर हुकूम लिहायचा. पंचानं आत हात घालून चाल करायची आणि त्याच्या सोंगट्यांना जवळचं दिसेल तेवढंच सांगायचं.

चनबसप्पा या पटावर कधी हरले नव्हते. हरतील कसे? रणगाड्यांत वीस वर्षं काढलेला माणूस! उद्याच्या एसटीनं ते नगरला निघाले होते, नव्या रंगरुटांना धुळीतली चढाई शिकवायला. त्यांचं शिकवणं साधं होतं. रणगाडे सुसाट पुढं, पायदळ मागोमाग.

पासष्टच्या लढाईत, अशाच धुळीच्या वादळात, त्यांनी तेच केलं होतं. पायदळ मागं राहिलं आणि एकटे पडलेले दोन रणगाडे जळाले. त्या पायदळाचा हवालदार म्हणजे आज समोर बसलेला मायाप्पा. “मायाप्पा कचरला,” असं चनबसप्पा तेव्हा म्हणाले आणि तो शिक्का नऊ वर्षं पुसला गेला नाही. गावच्या जत्रेतसुद्धा लोक त्याला पाहून हसायचे. माणसानं सोसायचं तरी किती!

आजचा डाव मायाप्पानंच मागितला होता. अट एकच, कामं बदलायची. रणगाडे त्याचे, पायदळ चनबसप्पांचं; दोघं एकाच फौजेचे, शत्रूच्या चाली पंचाच्या. गडी नाव धुऊन घ्यायला आलाय, असंच सगळ्यांना वाटलं.

“बघ आता, पायदळ कसं पळवायचं ते,” चनबसप्पा बसतानाच म्हणाले होते.

त्यांनी पुन्हा ‘पळा’ लिहिलं. पण शेंगा पळून पळून किती पळणार? एका चालीत चार बोटं. काड्यापेटी तेवढ्यात वीतभर जायची. ती डावीकडं वळली की उजवीकडं, कळायला मार्ग नव्हता.

“शत्रू बाजूनं आला,” ज्ञानबा म्हणाला. “तुमची सहा माणसं गेली. तिकडं दोन रणगाडे जळाले.”

चनबसप्पांनी पटावर मूठ आपटली. “अरं, थांबायचं की रणगाड्यांनी! माणसं पायी हायत, धुळीत डोळ्याला काय दिसत न्हाय. चार जण वाट दाखवायला पुढं घ्यायचे, त्यांच्या चालीनं चालायचं. कुटल्या गाढवानं दिलेत हे हुकूम?”

मायाप्पानं आपल्या पाच चिठ्ठ्या त्यांच्यापुढं सरकवल्या. चनबसप्पांनी पहिली वाचली, दुसरी वाचली. पासष्टच्या त्या सकाळी वायरलेसवरून त्यांनीच दिलेले हुकूम होते ते, शब्दन् शब्द तेच. उरलेल्या तीन त्यांनी उघडल्याच नाहीत.

“म्हणजे चूक माझ्या हुकमांची, हे तुला ठाऊक होतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता. “मग नऊ वर्षं गप का बसलास, मायाप्पा? अन् आजच का बोललास?”

“तवा सवाल माझ्या एकट्याच्या नावाचा होता, साहेब. आता तुमी पोरांना शिकवायला निघालाय.”