लॉर्नाच्या टेबलावरचा खोका

झेरॉक्सच्या कागदांचा रिकामा खोका लॉर्नाने टेबलावर उपडा ठेवला, त्यावर लॅपटॉप चढवला आणि उभ्यानेच काम सुरू केलं. हिवाळाभर कमरेत ठाण मांडून बसलेली कळ जरा सैल झाली.

"देवा रे," ती पुटपुटली, "इतकं सोपं होतं होय!"

डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, गोळ्या राहू देत, आधी बसणं कमी कर. पण अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या तिच्या विमा कंपनीत उंच टेबल हवं तर साहेबाकडे जावं लागे. आणि नोकरकपातीच्या दिवसांत आपली दुखरी कंबर आपणच साहेबाला दाखवायची म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालणं. नोकरी गेली की कंपनीने काढलेला आरोग्यविमा गेला, आणि त्याबरोबर डॉक्टरही गेली. म्हणून हा खोका.

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. ज्याला काढलं, त्याला सामान भरायला तिथे असाच खोका मिळे. मागच्याच आठवड्यात दोघं जण असे खोके पोटाशी धरून घरी गेले होते.

शेजारची ग्वेन डोळे पुसतच आली. जर्दाळूचा मुरंबा भरलेला गोड पाव, तिकडचा कोलाच, तिने लॉर्नाच्या हातात कोंबला. "खा गं बाई. मेल्यांना तूच सापडलीस का?"

"अगं, पण मला काय झालंय?"

तेवढ्यात रॉडनीसाहेब तरातरा आला. "लॉर्ना, हा खोका तुला दिला कुणी? कपातीच्या यादीत तुझं नाव तर मी दिलेलंच नाही!"

आता कुठे लॉर्नाला खोक्याचा अर्थ कळला. पण लपवून उपयोग नव्हता. "कुणी नाही दिला. माझी कंबर जाते रे बसून बसून. म्हणून उभी राहते मधूनमधून."

रॉडनीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

"फरक पडतो?"

"पडतो तर!"

"मग राहा उभी, कोण अडवतंय." त्याने आवाज आणखी खाली आणला. "दुसरा आहे का गं खोका?"

झेरॉक्सच्या खोलीत ढीग पडलाय, तिने सांगितलं.

थोड्याच वेळात रॉडनी रिकामा खोका पोटाशी धरून आपल्या केबिनकडे निघाला. टाइप करणारे हात थांबले. एकेक करत सगळा मजला खुर्च्या सोडून उभा राहिला.

"अगं बाई," ग्वेन म्हणाली, "ह्यालाही काढलं!"

लॉर्ना वाकून वाकून हसली. कमरेला पत्ताही लागला नाही.