खिडकीजवळची खुर्ची

“ती खुर्ची तिथंच ऱ्हाऊ दे, बाय!” नामाकाका दारातूनच ओरडले.

नेत्राने उचललेली खुर्ची पुन्हा खिडकीपाशी ठेवली. अभ्यासाला बसलेल्या मुलींनी माना वर केल्या आणि परत स्पर्धा परीक्षेच्या गाइडात खुपसल्या. नामाकाकांचा आवाज चढाच असे. उमर सगळी कापडाच्या लूमवर गेली, कान त्या खडखडाटात केव्हाच गेले. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहावं लागे. ओठ दिसले की त्यांना सगळं समजायचं.

“कारखान्यात आवाज कोन ऐकतो?” पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं होतं. “लूम चालू झाली की निसतं तोंड हलवायचं. त्या टोकाच्या मानसाला पन कळतं.”

टेमघरच्या या वाचनालयात गोष्टीची पुस्तकं वाचणारे ते एकटेच उरले होते. बाकीच्यांना फक्त टेबल, पंखा आणि मोबाइल चार्ज करायला जागा हवी असे. कपाटांकडे कोणी ढुंकून बघत नसे, आणि खरं सांगायचं तर ग्रंथपाल असलेल्या नेत्राकडेही नाही. “मॅडम, पंखा वाढवा” यापलीकडे दिवसभरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. म्हणून काका आले की तिला बरं वाटायचं.

त्यांची वाचायची तऱ्हा मात्र अजब. पुस्तक मांडीवर ठेवायचं, एक ओळ बघायची, मग मान वर करून खिडकीकडे तोंड करायचं आणि ती ओळ ओठांनी पुटपुटायची. आवाज अजिबात नाही. मग पुढची ओळ. कधी पान संपल्यावर मागे जाऊन तेच पान पहिल्यापासून. शाळेतलं पोर कविता पाठ करतं तसं. मुली एकमेकींना कोपराने ढोसून हसायच्या. नेत्राला त्यांचा राग यायचा. म्हातारपणी धडपडत का होईना, माणूस वाचतोय, यात हसण्यासारखं काय आहे?

तिने त्यांना एकेक कपाट उघडून दिलं. शिकारीच्या गोष्टी झाल्या, भुताच्या झाल्या. गडकिल्ल्यांवरचं एक जाडजूड पुस्तक दोन दिवसांत परत आलं.

“नाही आवडलं?”

“लई लढाया. लग्नाबिग्नाचं काय हाय का?”

नेत्राने हसू दाबलं आणि एक प्रेमाची कादंबरी दिली. तीही संपली. मग मंगळावर जाणाऱ्या माणसांची गोष्ट. मग, काकांनी स्वतःच शोधून काढलेलं, पाककृतींचं पुस्तक.

“काका, या वयात चकल्या तळणार?”

“तळायला कशाला पायजे? नुसतं वाचलं तरी तोंडाला पानी सुटतं.”

आवडलं का, असं विचारलं की एकच उत्तर मिळे. “उद्या सांगतो.”

एकदा पाऊस लागला होता, काकांचा गुडघा दुखत होता. नेत्रा म्हणाली, “कशाला रोज जिना चढता? पुस्तक घरी न्या की.”

“घरी कोन हाय?” काका म्हणाले.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मानकोलीच्या गोदामात कामाला, तिकडेच संसार करून राहिलेला. नेत्राने पुन्हा हा विषय काढला नाही.

मग रहस्यकथेचे दिवस आले. बंगल्यात एका डॉक्टरचा विष देऊन खून होतो आणि घरातला प्रत्येक जण संशयित. काका रंगून गेले होते. शनिवारी वाचनालय बंद व्हायच्या वेळी थोडीच पानं राहिली होती.

सोमवारी ते आले तेव्हा खिडकीच्या काचेला दुधी कागद चिकटवलेला होता.

काकांनी त्यावरून तळवा फिरवला. कोपऱ्यातून कागद सुटतोय का, तेही नखाने पाहिलं.

“ह्ये कशाला?”

नेत्रा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “मुलींची तक्रार होती, काका. गल्ली ही अशी चिंचोळी. समोरच्या खिडकीतली म्हातारी दिवसभर इकडे टक लावून बघते. मध्येच हसते, मध्येच डोळे पुसते. मुलींचं अभ्यासात लक्ष लागत नाही.”

काका तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी एकदा मुलींकडे पाहिलं.

“उजेड येतोच आहे की,” नेत्रा म्हणाली.

“येतो. उजेड येतो.”

ते खुर्चीत बसले. पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने उठून त्यांनी ते तिच्या टेबलावर आणून ठेवलं.

“अहो, शेवट तरी वाचा. एवढीशी तर पानं राहिलीत!”

“आता न्हाय वाचवत, बाय.”

मंगळवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. खुर्चीवर एक मुलगी दप्तर ठेवू लागली. नेत्राने उरलेली पानं स्वतः वाचून काढली. खुनी कोण ते कळलं आणि ती कोणाला तरी सांगावंसं वाटून इकडेतिकडे बघू लागली. सगळ्यांच्या कानांत इयरफोन होते. आपण किती एकट्या आहोत, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा नीट जाणवलं.

शुक्रवारी एक बाई दारात येऊन घुटमळली. पदराला ओले हात पुसत होती, कामातून उठून आलेली.

“मी भाविका. समोरच्या घरातली. ते आजोबा येत न्हाईत का हल्ली?”

“नाहीत येत. का हो?”

“सासूबाईंनी पाठवलंय. पाय गेल्यापासून खाली उतरता येत न्हाय त्यांना. कानानं पण कायच न्हाय, जलम लूमवर सुताच्या कांड्या भरण्यात गेला ना. सोमवारपासून धड जेवत न्हाईत.”

नेत्रा ओशाळली. “कागद लावला म्हणून रागावल्यात का? माझ्याकडून सॉरी सांगा त्यांना.”

“राग न्हाय हो, मॅडम,” भाविका म्हणाली. “त्या एवढंच विचारतायत, त्या डॉक्टरला विष कुणी घातलं?”