निळा दिवा

थोरल्या साडूनं कंट्रोलर हातात घेतला आणि श्वास रोखून दिव्याकडे पाहिलं. निळा. म्हणजे शांत.

कंट्रोलर दोघा साडूंच्याच कंपनीतला. तळहाताचा घाम आणि नाडी चाचपून तो खेळणाऱ्याचं मन ओळखायचा. मन ढळलं की दिवा लाल, आणि पडद्यावरचा त्याचा झुलता पूल धाडकन खाली. आज घरचा नियम जास्तीचा होता. ज्याचा दिवा लाल होईल, त्यानं मनातलं खरं दोघी बहिणींसमोर सांगायचं.

थोरल्याची धास्ती तीच. तो धाकट्यावर जळायचा, आणि असा जळायचा, की डोक्यावर आधण ठेवलं असतं तर चौघांचा चहा झाला असता. धाकट्याचे केस दाट, हसणं मोठं, टेबल खिडकीजवळ. धाकटा शिंकला की सर्दी थोरल्याला.

आता, हा कंट्रोलर आधी मालकाचं रोजचं मन शिकून घेतो आणि त्यालाच शांत समजतो. धाकट्याचा शिकला घरी, सोफ्यावर लोळत. थोरल्याचा शिकला ऑफिसात, आठ महिने, धाकट्याच्या शेजारच्या टेबलावर.

"सांगायचं राहिलंच," पूल ओलांडता ओलांडता धाकटा म्हणाला. "विभागप्रमुख मला केलंय, साडूभाऊ."

थोरल्याच्या पोटात वणवा पेटला. दिवा निळाच.

"वा, छान झालं," तो म्हणाला.

धाकट्यानं त्याच्या दिव्याकडे पाहिलं. मग तोंडाकडे. पुन्हा दिव्याकडे. आणि धाकट्याचाच दिवा लालभडक झाला. पूल कोसळला.

"बोला आता," थोरली बहीण म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

धाकट्यानं कंट्रोलर खाली ठेवला. "जळतो मी यांच्यावर. खुर्ची मला दिली, पण साहेबांचं चालूच, 'आधी तुझ्या साडूंना विचार.' म्हटलं, आज तरी यांना झोंबेल. तर हे बघा. ढिम्म. असं मन मला या जन्मात मिळायचं नाही."

तेवढ्यात थोरल्याच्या हातातला कंट्रोलर थरथरला. दिवा लाल. त्याचाही पूल खाली.

"अहो, आता तुम्हाला काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही गं," थोरला म्हणाला. "आठ महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटतंय."