तिसरा फोटो

सोनईत मच्छिंद्रनानांच्या नव्या बंगल्यासमोर सगळी भावकी ओळीत उभी होती. शमुवेल फोटोग्राफरनं शिफ्ट लेन्स लावली. कॅमेरा न हलवता लेन्स डावीकडे, मध्ये, उजवीकडे सरकवून तीन फोटो काढायचे, ते जोडून एकच लांबलचक फोटो करायचा. जातीबाहेर लग्न केलेली नानांची लेक रुपाली आईच्या हट्टामुळं नऊ वर्षांनी मुलीसह माहेरी आली होती. "हितं सावली हाय," म्हणत नानांनी मायलेकींना उजव्या टोकाला उभं केलं. मग ते शमुवेलच्या कानाशी लागले. "तिसरा फोटो जोडू नको." "तिकडं ताई हाय, नाना." "म्हनूनच. हॉलमदी लावायचाय, पावनं बघत्यात." शमुवेलनं दोन फोटो काढले, मग लेन्स उजवीकडे सरकवून तिसऱ्यांदा बटण दाबलं. रुपालीनं मुलीला पुढं घेतलं होतं. दोघी हसत होत्या. फोटो झाल्यावर ती पळत आली. "दादा, आमी दोघी आलो ना?" "आलात, ताई," शमुवेल म्हणाला.