सतराव्या पानावरचा ग

"गेल्या वर्षी बावन्न," रजिस्टर चाळत ग्रंथपाल काका म्हणाले. "आठवड्याला एक, चुकायचं नाही. यंदा किती झाली?"

"चौदा," धाकटी म्हणाली.

"वाचून?"

"नेऊन."

काका हसले. धाकटीला हसू आलं नाही. वर्ष संपायला चार दिवस उरले होते आणि चौदापैकी एकही पुस्तक तिनं तडीस नेलं नव्हतं.

वाचनाची भूक तिला लहानपणापासूनच दांडगी, पण जीव पाखराएवढा. समुद्रप्रवास आवडायचे, भांडकुदळ माणसांनी भरलेली घरं आवडायची. पुस्तकात कुत्रं आलं तर ते शेवटपर्यंत जगलं पाहिजे, ही अट. म्हणून थोरली बहीण आधी वाचायची आणि सतराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकसं अक्षर टाकून परत करायची. ग म्हणजे गोड शेवट, क म्हणजे कडू. ग दिसला की धाकटी पुस्तक घरी न्यायची, क दिसला की गपचूप फळीवर ठेवायची.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात कसल्याशा फुटकळ कारणावरून दोघींचं वाजलं. "सगळ्याचे शेवट तूच ठरवतेस," धाकटी बोलून गेली. "यापुढे माझं मी वाचीन!" थोरली पडली मानी. तेव्हापासून ना फोन, ना ग, ना क.

धाकटीचा हेका मात्र सुटला नव्हता. थोरलीनं परत केलेलंच पुस्तक न्यायचं, सतरावं पान उघडायचं, कोरा कोपरा बघायचा. मग चाळिसाव्या पानाशी धीर सुटायचा. पुस्तकापेक्षा तिला थोरलीच हवी होती, पण आधी बोलायचं कोणी, तिथंच घोडं अडलं होतं.

"हे बघा, तुमच्या ताईंनी सकाळीच परत केलंय." काकांनी एक जाडजूड पुस्तक पुढं सरकवलं आणि टेबलावरचे कागद उचलून खाली शोधायला लागले. "माझं खोडरबर कुठं ठेवून गेल्या कोण जाणे. हल्ली दर वेळी मागतात."

"खोडरबर? कशाला?"

"आता ते मी कशाला विचारू? इथं उभ्या राहतात, काहीतरी खोडतात आणि मग पुस्तक देतात."

धाकटी पुस्तक घेऊन खिडकीशी गेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. न दिसणारा चरा कसा बघायचा, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. सतरावं पान तिनं उजेडात तिरपं धरलं. कोपरा कोरा होता, पण सपाट नव्हता. पेन्सिल पुसली गेली होती, दाब राहिला होता. ग.

तिनं आत्ताच परत केलेलं आपलं चौदावं पुस्तक टेबलावरून ओढलं. तेही तिरपं धरलं. तिथंही ग.

म्हणजे थोरली घरून लिहून आणत होती आणि इथं आल्यावर तिचाही धीर सुटत होता. वर्षभर आपण नुसतं समोरून बघत राहिलो, याचं धाकटीला वाईट वाटलं.

"काका, पेन्सिल द्या जरा."

"पुस्तकात लिहायचं नसतं."

"लिहीत नाही. गिरवते."

तिला पाटीवर अक्षरं थोरलीनंच शिकवली होती. आपण काढून द्यायची आणि हिला वरून गिरवायला लावायची. नव्या पुस्तकातल्या त्या बारीक खळग्यातून धाकटीनं पेन्सिल सावकाश फिरवली, उभी रेघ जरा जास्तच ठळक काढली आणि पुस्तक काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे ताईला द्या."

"अहो, त्यांनी वाचलंय. तेच तर सांगतोय मघापासून."

"माहीत आहे. तरी द्या," धाकटी म्हणाली. "आणि खोडरबर मागितलं, तर हरवलंय म्हणून सांगा."